तटबंदी, पाठ आणि आवाज : स्वमग्न मुलांच्या शिक्षणकथनांचा विचार

१

स्वमग्नता हा विषय मराठीत आजवर प्रामुख्याने वैद्यक, मानसशास्त्र आणि विशेष शिक्षण या शाखांच्या कक्षेत चर्चिला गेला आहे. साहित्यसमीक्षेने त्याकडे वळावे असे त्यात काय आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. एक असे की, या मुलांवर केले जाणारे उपचार आणि त्यांना दिले जाणारे विशेष शिक्षण यांच्या केंद्रस्थानी भाषाच असते. दुसरे असे की, स्वमग्नतेविषयीची सर्वसामान्य वाचकाची समजूत शास्त्रीय नियतकालिकांतून फारशी घडलेली नाही. ती घडली आहे कथनांतून, विशेषतः आईवडिलांनी लिहिलेल्या आत्मपर ग्रंथांतून.

या अवस्थेच्या शास्त्रीय इतिहासाचा आरंभही एका कथनातूनच झालेला दिसतो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतील पहिल्या मुलाच्या वडिलांनी डॉक्टरांना ३३ पानांचे पत्र पाठविले होते. कॅनर यांचा निबंध आज वाचताना त्यातील व्यक्तिचित्रणाचा गुण जाणवतो, आणि या चित्रणामागे एका बापाने बारकाईने केलेले लेखन उभे आहे हे ध्यानात येते. म्हणजे मुलाविषयी प्रथम लिहिले ते पालकाने, त्याचा अर्थ लावला तो वैद्याने आणि ज्याच्याविषयी हे सारे लिहिले गेले ते मूल मात्र या व्यवहारात बोलणारा पक्ष नव्हते. ही रचना पुढे दीर्घकाळ टिकून राहिली.

प्रस्तुत निबंधात क्लॅरा क्लेबोर्न पार्क यांचे ‘द सीज’ (१९६७), कॅथरिन मॉरिस यांचे ‘लेट मी हिअर युअर व्हॉइस’ (१९९३) आणि तितो राजर्षी मुखोपाध्याय यांचे ‘द माइंड ट्री’ (२००३) या तीन ग्रंथांच्या आधारे या रचनेचा विचार करावयाचा आहे. कोणती उपचारपद्धती श्रेष्ठ, याचा निवाडा करणे हा या निबंधाचा हेतू नाही. तो समीक्षेचा अधिकारही नव्हे. शिकविणारा आणि शिकणारा यांचे नाते ही कथने कसे उभे करतात, मुलाच्या इच्छेविषयी ती काय गृहीत धरतात आणि मराठीत हा विषय मांडताना आपण त्यांपैकी कोणती गृहीते नकळत उचलतो, एवढाच प्रश्न येथे आहे.

२

१९६७ या एकाच वर्षी स्वमग्नतेवरील दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि दोहोंच्या शीर्षकांत किल्ल्याची प्रतिमा आहे. ब्रूनो बेटलहाइम यांच्या ग्रंथाचे नाव ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’, म्हणजे रिकामा किल्ला. तर पार्क यांच्या ग्रंथाचे नाव ‘द सीज’, म्हणजे वेढा. बेटलहाइम यांनी नाझी छळछावण्यांतील कैद स्वतः भोगली होती. तेथील कैद्याने बाह्य जगातून घेतलेली माघार आणि स्वमग्न मुलाची माघार यांत त्यांना साम्य दिसले. या उपमेचा तार्किक परिणाम भयंकर होता. मूल जर कैद्यासारखे असेल, तर छावणीच्या रखवालदाराची जागा कोणी घ्यायची? ती जागा आईच्या वाट्याला आली. एका रूपकाने हजारो स्त्रियांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

पार्क या इंग्रजी साहित्याच्या अध्यापक. १९५८ साली जन्मलेल्या त्यांच्या मुलीला ग्रंथात एली असे नाव दिले आहे. जमिनीवरच्या एका ठिपक्याभोवती आनंदाने गोल गोल रांगत राहणारे मूल, या चित्राने ग्रंथाचा आरंभ होतो. या चित्राचे वैशिष्ट्य असे की, त्यात दुःख नाही. मूल सुखी आहे, पुरते आहे. त्याला कोणाची गरज नाही. आईच्या दृष्टीने नेमकी हीच शोकांतिका होय. म्हणून ती वेढा घालते. परंतु हा वेढा म्हणजे हल्ला नव्हे. मुलीच्या खेळात शिरकाव करून घेणे, तिच्या हाताला आपल्या हाताचा किंचित आधार देणे आणि तो हळूहळू काढून घेणे, एखादी कृती लहान लहान टप्प्यांत पाडून शिकविणे, अशी ती संथ रीत आहे. शास्त्रशुद्ध परिभाषा हाताशी नसतानाही, पुढे विशेष शिक्षणात रूढ झालेली अनेक तंत्रे ही आई स्वतःच्या अनुभवातून शोधून काढते.

रूपक तेच, पण त्यातील आईचे स्थान बदलले, हे पार्क यांचे मोठे कार्य होय. बेटलहाइम यांच्या मांडणीत आईमुळे किल्ला उभा राहतो. पार्क यांच्या मांडणीत आई किल्ल्याबाहेर तळ ठोकून बसते. तथापि किल्ला मात्र कायमच राहतो. ग्रंथातील काही प्रकरणांच्या शीर्षकांत दुबळेपणा, आंधळेपणा, बहिरेपणा आणि एकाकीपण या शब्दांना ‘बुद्ध्या पत्करलेले’ अशा अर्थाचे विशेषण जोडलेले आहे. मुलीला ऐकू येते, तरी ती ऐकत नाही. तिचा हात चालतो, तरी ती तो वापरत नाही. तेव्हा न करण्यामागे इच्छा असली पाहिजे, असा हा तर्क आहे. निरीक्षण अचूक आहे, परंतु अनुमान संशयास्पद आहे. आईवरचा दोष दूर झाला, आणि इच्छेचा भार मात्र मुलाच्या माथी आला.

पार्क यांचा प्रामाणिकपणा असा की त्या या ठिकाणी थांबल्या नाहीत. ‘एक्झिटिंग निर्वाणा’ (२००१) या उत्तरग्रंथात मुलगी आपल्या खऱ्या नावाने, जेसी म्हणून, येते. तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी आणि चित्रकार म्हणून ओळख मिळविलेली स्त्री आहे. ती ‘बरी’ झालेली नाही, आणि ग्रंथही तसा दावा करीत नाही. वर्तनोपचारातील गुणांकनाची पद्धत या घरातही आली. गोल्फच्या खेळात फटके मोजण्यासाठी वापरतात तसा गणक घेऊन जेसी आपल्या चांगल्या-वाईट वर्तनाचे गुण मोजू लागली. परंतु आकड्यांची आवड तिची स्वतःची होती, आणि म्हणून ती पद्धत तिला आपली वाटली. एकच तंत्र एका मुलाला जाच आणि दुसऱ्याला खेळ कसे वाटू शकते, याचे हे उदाहरण मोलाचे आहे.

३

‘लेट मी हिअर युअर व्हॉइस’ या ग्रंथाचे जग वेगळे आहे. मधल्या काळात ईव्हार लोव्हास यांचे १९८७ सालचे संशोधन प्रसिद्ध झाले होते. १९ लहान मुलांच्या गटाला दोन वर्षे किंवा अधिक काळ, आठवड्याला सुमारे ४० तास, एका मुलास एक शिक्षक या प्रमाणात प्रशिक्षण देण्यात आले. त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेच्या पहिल्या इयत्तेत यशस्वी झाली व त्यांचा बुद्ध्यंक सरासरीच्या कक्षेत आला, असा निष्कर्ष मांडला गेला. मुलांची गटवारी यादृच्छिक पद्धतीने झाली नव्हती, तसेच या प्रशिक्षणात ताकीद व प्रसंगी मांडीवर चापट अशा दंडाचाही अवलंब झाला होता, हे दोन आक्षेप त्यावर घेतले गेले आणि ते गंभीर आहेत. पण ज्या पालकांना तोवर ‘काहीही होणार नाही’ एवढेच ऐकावयास मिळत होते, त्यांना ४७ टक्के हा आकडा काय वाटला असेल, याची कल्पना करता येते.

मॉरिस हे टोपणनाव आहे. लेखिका फ्रेंच साहित्याची अभ्यासक. आपली लहानगी मुलगी, आणि नंतर धाकटा मुलगाही, स्वमग्न असल्याचे निदान झाल्यावर तिने केलेला शोध हा ग्रंथाचा विषय होय. ग्रंथाच्या शीर्षकातील शब्द बायबलमधील ‘गीतरत्ना’ची आठवण करून देतात, आणि लेखिकेची कॅथलिक श्रद्धा सबंध कथनात व्यापून आहे. त्यामुळे या कथनाचा घाट वेढ्याच्या महाकाव्याचा न राहता धर्मांतरकथेचा होतो. आरंभी लेखिकेला वर्तनोपचाराचा तिटकारा असतो. प्राण्याला शिकवावे तसे मुलाला शिकविणे तिला अमानुष वाटते. दुसऱ्या, प्रेमाची भाषा बोलणाऱ्या उपचारांकडे ती ओढली जाते. तेथे भ्रमनिरास होतो. मग शिक्षिका घरी येते, मुलगी खुर्चीत बसविली जाते, ती रडते, आणि आई ते सोसते. या रडण्याच्या पलीकडे भाषा उगवते व आईचे मतपरिवर्तन पूर्ण होते. दोन्ही मुले अखेरीस पूर्ववत झाल्याचे ग्रंथ सांगतो.

येथे वर्तनोपचारातील पाठाच्या रचनेकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. साधक अभिसंधानाच्या तत्त्वावर बेतलेल्या या पाठाचे तीन भाग असतात : सूचना, प्रतिसाद आणि प्रबलन. ‘माझ्याकडे बघ’ ही सूचना. मुलाने पाहणे हा प्रतिसाद. शाबासकी किंवा खाऊचा घास हे प्रबलन. प्रतिसाद न आल्यास हाताने वा खुणेने साहाय्य द्यावयाचे, ते क्रमाने कमी करीत न्यावयाचे आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवावयाची. हा दोन पात्रांचा संवाद खरा, पण त्यात आज्ञार्थी वाक्ये एकाच पात्राला दिलेली आहेत. दुसऱ्या पात्राला ‘नाही’ म्हणण्याची सोय संहितेतच नाही. त्याचा नकार ‘प्रतिसाद नाही’ किंवा ‘चुकीचा प्रतिसाद’ म्हणून नोंदला जातो.

या पद्धतीचे समर्थन तोकडे नाही. जे मूल रस्त्यावर धावत सुटते, जे स्वतःचे डोके भिंतीवर आपटते, ज्याला तहान सांगता येत नाही, त्याच्या आईने तत्त्वचर्चेचा निकाल लागेपर्यंत थांबावे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पुढील दशकांत बहुतेक ठिकाणी दंडाचा भाग गळून पडला, आणि खेळातून, मुलाच्या कलाने शिकविण्याच्या रीती या परंपरेत आल्या, हेही नमूद केले पाहिजे. आक्षेप घ्यावयाचा तो ग्रंथाच्या कथनरचनेवर. शीर्षकात आई मुलाचा आवाज ऐकू इच्छिते. प्रत्यक्षात ग्रंथ संपतो तेव्हा आपण आईचाच आवाज ऐकलेला असतो. मूल बोलू लागते, परंतु त्या खुर्चीत त्याला काय वाटत होते हे ग्रंथात येत नाही. मुलाचे वय पाहता हे स्वाभाविक आहे. पण जे अनुपस्थित आहे ते अनुपस्थित म्हणून दिसले पाहिजे.

१९९३ या त्याच वर्षी जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. आमच्यासाठी शोक करू नका, असे त्याचे पालकांना सांगणे होते. जे अपेक्षिलेले मूल जन्मलेच नाही, त्याच्यासाठी तुम्ही रडता. परंतु जे आहे त्याच्या आत दुसरे कोणी दडलेले नाही, स्वमग्नता हे वरून चढविलेले कवच नव्हे, असा त्या प्रतिपादनाचा आशय. किल्ल्याच्या रूपकाला आतून मिळालेले हे पहिले स्पष्ट उत्तर म्हणावे लागेल.

४

तितो मुखोपाध्याय याचा जन्म १९८९ सालचा. त्याचे बालपण दक्षिण भारतात, मैसूर व बंगळूर येथे गेले. बोलणे जवळजवळ नसलेल्या या मुलाला आई सोमा यांनी अक्षरफलकावर बोट ठेवावयास शिकविले. हातात पेन्सिल ठरेना तेव्हा ती त्याच्या हाताला बांधली. तितोचे लेखन प्रथम ‘बियाँड द सायलेन्स’ या नावाने २००० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. ‘द माइंड ट्री’ ही त्याची अमेरिकी आवृत्ती.

या लेखनाविषयी एक प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. सोमा यांची पद्धत पुढे अमेरिकेत प्रचलित झाली, आणि २०१८ साली तेथील वाक्‌-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने तिचा वापर न करण्याचा सल्ला दिला. फलक धरणाऱ्याच्या नकळत दिल्या जाणाऱ्या खुणांमुळे शब्द नेमके कोणाचे हे ठरविता येत नाही, हा त्यामागील आक्षेप होय. तितो मात्र पुढे स्वतःच्या हाताने लिहू लागल्याचे नोंदविले गेले आहे. एका पद्धतीची सार्वत्रिक ग्राह्यता आणि एका लेखकाचे कर्तृत्व हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याविषयीच्या रास्त शंकेने दुसऱ्याचा निकाल परस्पर लावू नये, एवढे भान समीक्षकाने ठेवावे.

तितोच्या ग्रंथात निवेदक स्वतःला बहुतेक वेळा ‘तो मुलगा’ असे संबोधतो. हे तृतीयपुरुषी निवेदन लेखनयुक्ती म्हणूनही वाचता येईल, पण त्यामागे एक अनुभव आहे. आपले शरीर विखुरलेले आहे, ते गोळा करता येत नाही, गोल फिरताना किंवा हात हलविताना ते आहे याची थोडी खात्री पटते, असे तो सांगतो. विचार करणारा ‘मी’ आणि कृती करणारा ‘मी’ असे आपले दोन भाग असल्याचे त्याचे निवेदन प्रसिद्ध आहे. पार्क यांच्या आरंभीच्या चित्रात जे रांगणे परिपूर्ण आत्मतृप्तीचे लक्षण वाटले, तशाच कृतीला येथे अगदी उलट अर्थ प्राप्त होतो. बाहेरून ज्याला इच्छेचा अभाव म्हटले गेले, तेथे इच्छा होती. शरीर तिच्या अधीन नव्हते.

ग्रंथाला नाव देणारी कथा एका झाडाची आहे. या झाडाला मन आहे, पण पाहण्याचे, बोलण्याचे किंवा हलण्याचे साधन नाही. किल्ला आणि झाड या दोन प्रतिमांतील अंतर महत्त्वाचे आहे. किल्ला जिंकावयाचा असतो; त्याला दरवाजा असतो आणि तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो. झाडाला दरवाजा नसतो. झाडापाशी यावे लागते, बसावे लागते, आणि त्याला काही कळत नाही अशी समजूत करून घेऊन त्याच्यासमोर काहीही बोलावे असे होत नाही. शिक्षकाने मुलासमोर कसे वागावे याचे संपूर्ण शास्त्र या एका प्रतिमेत सूचित झाले आहे.

५

आता आपल्या भाषेकडे वळू. ‘ऑटिझम’ या संज्ञेच्या मुळाशी ‘स्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे आणि मराठी ‘स्वमग्नता’ हा त्याचा नेटका पर्याय होय. परंतु ध्यानमग्न, विचारमग्न, कार्यमग्न या समासांची संगत त्याला लाभली आहे. मग्न होणारा स्वखुशीने मग्न होतो. म्हणजे पार्क यांच्या प्रकरणांत विशेषणाने जे केले तेच मराठीत समास करतो : तो इच्छा गृहीत धरतो. शिवाय तितोचे म्हणणे असे की, त्याला बुडायला हाती सापडतच नव्हता तो हा ‘स्व’च. शब्द रुळला आहे, तो टाकून द्यावा असे नाही. पण तो वर्णन नसून एक जुने अनुमान आहे, हे वापरणाऱ्याने ओळखावे.

पाठांचे भाषांतर करतानाही असेच भान हवे. ऐकलेले सर्वनाम जसेच्या तसे परत उच्चारण्याची या मुलांची रीत कॅनर यांनीच नोंदविली. इंग्रजीत ती ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या अदलाबदलीतून दिसते, आणि तेथील पाठ ही दोन सर्वनामे घोटवून घेतात. मराठीत कर्ता पुष्कळदा उच्चारलाच जात नाही. ‘येतो’, ‘येते’ या क्रियारूपांतच पुरुष आणि लिंग दोन्ही सामावतात. आईचे ‘येते हं’ ऐकून मुलगा ‘येते’ म्हणतो तेव्हा त्यात सर्वनाम नसते, तरी प्रश्न तोच असतो. भूक, तहान, भीती यांसाठी तर ‘मला’ हे रूप लागते, आणि मूल ‘तुला भूक लागली?’ या ऐकलेल्या प्रश्नानेच जेवण मागते. इंग्रजी पाठ शब्दशः उतरविल्याने ही अडचण सुटणारी नाही. ‘माझ्याकडे बघ’ या सूचनेचेही तसेच. वडीलधाऱ्यांपुढे डोळे वर करून बोलू नये, असे ज्या घरांत सांगितले जाते, तेथे नजरेला नजर भिडविणे ही सामाजिकतेची एकमेव कसोटी कशी ठरावी?

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. दिल्ली, हैदराबाद किंवा बंगळूर येथे उपचार इंग्रजीत वा हिंदीत होतात. मुलाचा गोंधळ नको म्हणून घरातही तीच भाषा बोला, असा सल्ला पालकांना अनेकदा मिळतो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांचा भाषाविकास अधिक मागे पडतो, असे अलीकडील अभ्यासांत आढळलेले नाही. तरीही त्या सल्ल्यापोटी आजी मुलाशी बोलेनाशी होते, अंगाई थांबते, आणि ज्या घरात आधीच शब्द थोडे आहेत तेथील एक भाषाच बंद होते. ही हानी कोणत्याही नोंदवहीत लिहिली जात नाही.

आपल्या परंपरेत विलक्षण वर्तनाकडे पाहण्याची एक वेगळी रीत होती, तिचेही येथे स्मरण होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ऋद्धिपूरचरित्रात गोविंदप्रभूंचे वागणे लहान लहान लीळांतून टिपलेले आहे : आपल्याशीच चाललेले होय-नाही, वस्तूंशी चाललेला खेळ, लोकांनी वेडे म्हणणे. गोविंदप्रभूंना आजचे निदान चिकटविणे सर्वथा अनुचित होईल. लक्षात घ्यावयाचे ते नोंदीचे स्वरूप. वर्तनाची तपशीलवार, प्रसंगनिष्ठ नोंद तेथेही आहे आणि वर्तनोपचाराच्या वहीतही आहे. वहीतील नोंद वर्तन बदलण्यासाठी असते. लीळेतील नोंद ते जपण्यासाठी असते. भक्ताची दृष्टी शिक्षकाला जशीच्या तशी घेता येणार नाही. पण बदलण्यापूर्वी पाहावे, एवढे तो तिच्यापासून घेऊ शकतो.

६

भारतात या मुलांना कायद्याची ओळख उशिरा मिळाली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तो केला आणि २०१६ च्या कायद्याने ती मान्यताप्राप्त दिव्यांगत्वाच्या यादीत समाविष्ट झाली. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ यांनी स्थापिलेल्या ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’चा आरंभही एका आईच्या गरजेतूनच झाला. म्हणजे येथेही पालक प्रथम बोलले, आणि व्यवस्था नंतर बोलली. तिसरा पक्ष मराठीत अद्याप क्वचितच बोलताना दिसतो.

उपरोक्त तीन ग्रंथ एका क्रमाने वाचले असता एक गोष्ट स्पष्ट होते. पार्क यांनी आईला दोषमुक्त केले, मॉरिस यांनी पालकांना आशा व साधन दिले, आणि तितोने मुलाच्या इच्छेविषयीचे गृहीतच तपासावयास लावले. यांपैकी कोणतेही एक कार्य दुसऱ्याने रद्द होत नाही. ज्या आईने मुलाला ‘पाणी’ हा शब्द शिकविण्यासाठी महिने घालविले, तिच्या श्रमाला कमी लेखणारी समीक्षा निरर्थक होय. परंतु तो शब्द शिकविताना ‘नको’ हाही शब्द त्याच पाठात शिकविला गेला का, आणि मुलाने तो उच्चारला, खुणेने दाखविला किंवा अक्षरफलकावर बोट ठेवून सांगितला, तर तो ऐकला गेला का, हा प्रश्न विचारणे समीक्षेच्या कक्षेतले आहे. विशेष शिक्षणाचे कोणतेही कथन, मराठीतले असो वा अन्य भाषेतले, या प्रश्नावर तपासून पाहावे लागेल.